उटण्यातला मोथा आणि भिंतीवरची हरिता

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागणाऱ्या उटण्यात नागरमोथा असतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊकच आहे. त्याच सुमारास, पावसाळाभर कुंपणाच्या भिंतीवर पसरलेली हिरवी मखमल वाळून तपकिरी पडू लागते. आपल्या लेखी दोन्ही क्षुल्लक हिरवळच. पण वनस्पतींच्या वंशावळीत या दोघांचे नाते फार दूरचे आहे.

भिंतीवरच्या मखमलीला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. पाण्यातले बुळबुळीत शेवाळ निराळे, हे मॉस. मराठीत त्याला ‘हरिता’ असे गोड नाव आहे. हिला खरी मुळे नाहीत, फुले नाहीत, बीही नाही. पाणी ती सर्वांगाने पिते आणि सूक्ष्म बीजाणूंवर वंश चालवते. नागरमोथा मात्र सायपेरेसी कुळातली सपुष्प वनस्पती. दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. त्याचा फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन कडा हाताला लागतील. गवताची काडी बहुधा गोल असते.

राहणीही वेगळी. हरितेला ओल हवी. ती आटली की भिंतीवरची ही मंडळी सुकून स्वस्थ बसतात आणि पहिल्या सरींबरोबर पुन्हा टवटवीत होतात. मोथा शेतात, बांधावर, पडीक जागेत कुठेही रुजतो. वरचा भाग उपटला तरी जमिनीतल्या सुगंधी गाठींतून पुन्हा फुटतो. १९७७ साली निघालेल्या ‘द वर्ल्ड्स वर्स्ट वीड्स’ या ग्रंथात जगातल्या उपद्रवी तणांत पहिला मान त्यालाच मिळाला!

मग जपायचे कोणाला? मोथ्याला खचित नाही. काळजी आहे ती हरितेच्या थंड मुलखातल्या बहिणीची, स्फॅग्नमची. आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ती धरू शकते. दलदलीत तिचे अवशेष साठून पीट बनते, तेही वर्षाला सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे! पृथ्वीच्या जमिनीपैकी पीटभूमी अवघी ३ टक्के. पण जगातल्या साऱ्या जंगलांतील झाडाझुडपांहून अधिक कार्बन तिने पोटात धरला आहे. ती खणली की तो हवेत जातो, आणि बागांच्या हौसेसाठी तिचे खणणे चालूच आहे.

तेव्हा गॅलरीतल्या कुंड्यांसाठी पीटमॉसची पिशवी घेण्यापूर्वी थोडे थांबावे. नारळाच्या सोडणाचा भुसाही ओल उत्तम धरतो, आणि नारळाला सोडण दरवर्षी नवे येते.