कॅमेरा कुणावर, फुटेज कुणाच्या ताब्यात?

चौकात कॅमेरा, सोसायटीच्या गेटवर कॅमेरा, किराणा दुकानात कॅमेरा, आणि आता फ्लॅटच्या दारालाही चोर-अलार्म. विकणारा सांगतो, यंत्र निःपक्षपाती असते. आम्ही विचारतो, यंत्र लावणारा निःपक्षपाती असतो का?

अलार्मचे काम साधे आहे. चौकटीवर स्विच, दारावर चुंबक. दार उघडून दोन्ही लांब झाले की सायरन वाजतो. खोलीतला सेन्सर अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपतो. त्याला जात कळत नाही. पण सायरन वाजल्यावर संशय कुणावर घ्यायचा, हे माणूस ठरवतो. तो संशय धुणीभांडी करणाऱ्या बाईवर, कचरा नेणाऱ्यावर, पारध्यांच्या पालावर आधी जातो. ही सवय जुनी आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे चोर ठरवली, त्यांना पोलिसांची हजेरी लावली. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. पण ती नजर गेली का?

आता जिथे कॅमेरा खरोखर हवा तिथे पाहा. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला : प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसह, आवाज टिपणारे आणि अंधारात दिसणारे कॅमेरे लावा, फुटेज 18 महिने, निदान एक वर्ष तरी जपा. कोठडीत मारहाण झाली तर मानवी हक्क आयोग ते मागवू शकतो. तरीही सप्टेंबर 2025 मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गरिबाच्या दारातला कॅमेरा चालतो आणि ठाण्यातला नेमका बंद पडतो, हा योगायोग आम्ही मानत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, कॅमेरा म्हणजे पाळत, वस्तीत नकोच. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यामुळे ही भीती योग्यच आहे. पण वस्तीवर दगडफेक झाली, पुतळ्याची विटंबना झाली की पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. तेव्हा विहार, वाचनालय, पुतळ्याचा चौक इथे कॅमेरा लावा, पण वस्तीच्या बैठकीत ठरवून. शेजाऱ्याचे दार आणि बायकांचा नळ त्यात दिसता कामा नये.

तंत्रही शिकून घ्या. डीव्हीआर कुलपात ठेवा, कंपनीचा मूळ पासवर्ड बदला, घड्याळ बरोबर लावा. हार्डडिस्क भरली की जुने रेकॉर्डिंग पुसून नवे चढते, म्हणून घटना घडताच प्रत काढा. पोलिसांनी डीव्हीआर नेला तर पंचनामा मागा. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर समोरचा वकील तिथेच हरकत घेतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ (10) नुसार त्या गुन्ह्यांच्या कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रण झाले पाहिजे. ते आपण मागतो का?

आपल्या ठाण्यात किती कॅमेरे चालू आहेत, फुटेज किती दिवस राहते, याचा माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात प्रत्येक तालुक्यातून गेला पाहिजे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या आमच्यावर नजर ठेवली, त्यांच्याकडे आता आम्ही हिशेब मागू.

जयभीम!