घोंगडी, थर्मोकोल आणि खिडकीचा उजेड

शॉर्ट फिल्म करायला निघालेले नागपूरचे पोट्टे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता कॅमेरा घेऊ? मुंबई आठशे किलोमीटर लांब, खिशात पैसे बेताचे आणि मोबाइलवर काढलेलं दृश्य काही केल्या सिनेमासारखं दिसत नाही. मग एखादा हप्त्यांवर दीड लाखाचा कॅमेरा उचलतो. माझं त्यांना एकच सांगणं असतं: पहिली फिल्म पुरी होईपर्यंत उचलू नका. सिनेमाचं रूप उजेड आवरण्यातून येतं आणि उजेड आवरायचं सामान घरात असतं.

आपल्या शहराचं ऊन घ्या. मे महिन्यात दुपारी फुटाळा तलावावर मोबाइल रोखला की तो आपल्या मनाने शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, कधी त्याच्याही पलीकडे नेतो. प्रत्येक चौकट धारदार येते, पण चालणारा माणूस झटके खात चालल्यासारखा दिसतो. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा. त्यात शटर साधारण 1/50 सेकंद उघडं राहिलं की हलत्या हाताला किंचित धूसरपणा येतो आणि पडद्यावर तोच आपल्या डोळ्यांच्या सवयीचा असतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा या फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये शटर 1/50 वर बांधून ठेवता येतं. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे याच आकड्यावर ट्यूबलाइटचं लुकलुकणंही चित्रात येत नाही. उन्हात मात्र असं शटर ठेवलं तर चित्र पांढरंफटक होतं, म्हणून लेन्सपुढे उजेड कमी करणारा एनडी फिल्टर हवा. तो नसेल तर गॉगलची काच धरून पाहा. वेल्डिंगची काच वापरू नका, तिची हिरवी झाक नंतर काढता काढता नाकीनऊ येतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पहाटे उठणं.

घरातलं दृश्य तर आणखी सोपं. माणसाला खिडकीशेजारी बसवा, खिडकीवर पांढरं धोतर ताणा म्हणजे उजेड मऊ होतो. इथवर सगळेच करतात. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, काळी घोंगडी टांगायचं मात्र फार थोड्यांना सुचतं. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड ती गिळते, गालावर सावली उतरते आणि सपाट चेहऱ्याला खोली येते. सावली जास्त झाली तर घोंगडीच्या जागी थर्मोकोलचा तुकडा धरा. मोठ्या सेटवरही थर्मोकोल असतोच, तिथे फक्त तो धरायला वेगळा माणूस असतो. सत्यजित राय यांच्या 1956 च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी त्यावर पांढरं कापड ताणलं, दिव्यांचे झोत खालून त्या कापडावर सोडले आणि परतलेल्या उजेडात आभाळाखालचं अंगण दिसलं. जगभरच्या छायाचित्रकारांनी वाखाणलेली ही युक्ती मुळात एका कापडाची आहे.

कॅमेरा हलवायचा तर मालेगावकडे पाहा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. त्यांचा ‘मालेगाव का सुपरमॅन’ तयार होत असताना फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. त्यात सायकलची ट्रॉली झालेली दिसते आणि बैलगाडीची क्रेन. यंत्रमागांच्या त्या गावात शुक्रवारी सुटी असते आणि सुटीच्या दिवशी सिनेमा हा तिथल्या माणसांचा जीव की प्राण. अशा चित्रणाला हौशी म्हणून बाजूला सारणारे मला पटत नाहीत. ज्याने सायकलवर कॅमेरा फिरवला त्याला कॅमेरा का फिरवायचा हे कळलेलं असतं.

आणि मराठी मातीत हाताशी असेल त्यावर भागवायची ही रीत जुनी आहे. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर मूळचे मिस्त्री घराण्यातले, नाटकांचे पडदे रंगवणारे. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी सिनेमाचं यंत्र समजून घ्यायला सुरुवात केली. 1916 मध्ये आनंदराव गेले. पुढे विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन बाबुरावांनी कॅमेरा स्वतःच घडवला, तो 1918 मध्ये तयार झाला. 1920 चा ‘सैरंध्री’ या घरच्या कॅमेऱ्यावरचा. तयार कॅमेरा हाताशी नव्हता म्हणून त्यांनी सिनेमा पुढे ढकलला नाही. आज तर कॅमेरा प्रत्येकाच्या हातात आहे.

थोडे पैसे असतीलच तर ते आवाजावर घाला. चित्र थोडं काळवंडलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो. काही शे रुपयांचा कॉलर माइक दुसऱ्या मोबाइलला जोडून नटाच्या खिशात ठेवा, किंवा झाडूच्या दांड्याला माइक बांधून डोक्यावर धरा. खोली घुमत असेल तर भिंतीला गादी टेकवा. आणि शॉट चालू असताना कूलर बंद. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे नटांच्या जिवावर येतं, पण कूलरची घरघर नंतर निघत नाही.

नागराज मंजुळे ‘झुंड’ घेऊन नागपुरात आले तेव्हा त्यांच्याकडे मोठी यंत्रणा होती, अमिताभ बच्चन होते. तरीही 2022 मध्ये तो चित्रपट पाहताना मनात राहिली ती इथल्या वस्त्यांमधली पोरं, त्यांची चाल आणि त्यांची बोली. हे चेहरे भाड्याने मिळत नाहीत, ते आपल्या गल्लीतच आहेत.

फिल्म करायला निघालेल्या पोट्ट्यांना घरी उभी करता येणार नाही अशी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे जागा. नागपूरच्या महाल, इतवारी भागांत अजून जुने वाडे उभे आहेत. लाकडी खांब, खोल ओसरी, एका बाजूने येणारा उजेड. असा सेट कोणी उभारून देणार नाही, आणि हे वाडे दरवर्षी कमी होताहेत. ज्यांचं असं घर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मोबाइल आणि थर्मोकोल घेऊन चारपाच पोट्टे दारात आले तर त्यांना परत पाठवू नका. एक सकाळ ओसरी द्या आणि वायर लावायला एक प्लग द्या.