परक्या प्रचारकाची पायपीट

मॉर्मन पंथाचे १८-२० वर्षांचे तरुण बव्हंशीं घरच्याच खर्चानें दोन वर्षें दूरदेशीं प्रचारास जातात. जोडीदारावांचून कोठें जाऊं नये, परकी भाषा शिकावी, दारोदार नकार ऐकावा, हा त्यांचा नित्यक्रम. त्यांचें धर्मांतराचें ध्येय आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परंतु त्यांस हंसण्याचा अधिकार आम्हां खानदेशवासीयांस आहे काय? जळगांव-धुळ्याच्या आमच्या पदवीधरांस सातपुड्यांतील बदली शिक्षा वाटते. चोपडा-शिरपूरकडील पाड्यांवर शिकविणाऱ्या किती जणांस पावरी बोली येते? साने गुरुजी कोंकणांतले. १९२४ सालीं अंमळनेरास शिक्षक झाले, वसतिगृहांतील मुलांचे कपडेहि त्यांनीं धुतले. प्रचारकास खरें उत्तर तें! निषेधाचे ठराव करणारांनीं आधीं दोन वर्षें पाड्यावर काढावींत.