तिसऱ्या शिंकेनंतर

शिंक आली की आपण 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो आणि ऐकणारा 'यरहमुकल्लाह' म्हणून शिंकणाऱ्यासाठी दुआ करतो. हा अदब आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. त्याच शिकवणीतला पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. माणूस तीनदा शिंकून पुन्हा शिंकतच राहिला, तर त्याला सर्दी झाली आहे असे समजावे, असेही हदीसमध्ये आले आहे. म्हणजे तिसऱ्या शिंकेनंतर तो अदबीचा विषय राहत नाही, आजाराचा होतो. आणि आजार म्हटला की इलाज आलाच.

पण शिंकणारा माणूस माळी असेल, नर्सरीत रोपे भरणारी बाई असेल किंवा कब्रस्तानात गवत काढणारा मजूर असेल, तर तिसाव्या शिंकेनंतरही आपण म्हणतो, "धुळीची सर्दी आहे, जाईल." वर आणखी एक ठोकताळा ऐकवतो: मातीत काम करणाऱ्याला कसली आली ॲलर्जी, ते तर शहरातल्या नाजूक लोकांचे दुखणे! हा ठोकताळा खोटा आहे. जो परागकणांत सर्वात जास्त वेळ उभा असतो, त्याच्या नाकात ते सर्वात जास्त जातात. इतके साधे गणित आहे.

इंग्रजीत या आजाराला 'हे फीव्हर' म्हणतात. त्यात ना ताप असतो, ना वाळक्या गवताचा दोष. जॉन बॉस्टॉक या डॉक्टरने १८१९ मध्ये लंडनमध्ये स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन मांडले: दर उन्हाळ्यात डोळ्यांची आग, शिंका, वाहणारे नाक. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने स्वतःवर प्रयोग करून गवताचे परागकण हे त्याचे कारण असल्याचे दाखवले आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडचे काही लोक लगेच सांगतील की अबू बक्र राझीने हजार वर्षांपूर्वीच वसंतात, गुलाब फुलताना होणाऱ्या सर्दीवर लिहून ठेवले आहे. खरे आहे. अबू झैद बल्खी यांना ती सर्दी का होते, यावर त्याने स्वतंत्र प्रबंध लिहिला. पण राझीचा अभिमान मिरवायचा आणि आपल्या कब्रस्तानातल्या मजुराला साधा मास्क द्यायचा नाही, हा कसला वारसा? राझीने आजाराचे कारण शोधले. आपण फक्त राझीचे नाव पुढे पाठवतो.

कारण शोधायचे तर आधी भलत्यावर घेतलेला आळ मागे घ्यावा लागेल. घरात कुणी शिंकू लागले की पहिली कुऱ्हाड जास्वंदीवर नाहीतर मोगऱ्यावर पडते. वास्तविक ज्या झाडांची फुले रंगीत, वासाची असतात, त्यांचे पराग सहसा जड आणि चिकट असतात. ते नेण्यासाठी कीटक लागतात. उग्र वासाने एखाद्याचे नाक चुरचुरेल, ती गोष्ट वेगळी. खरा त्रास देतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी झाडे. त्यांची फुले आपल्याला फुले वाटतच नाहीत. आपण हौसेने लावलेल्या लॉनमधली हरळी तुरे धरते, कंपाउंडच्या कडेला एरंड वाढतो, कोपऱ्यात काटेमाठ माजतो. त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नसते.

आणि या सगळ्यांवर कडी करणारे गाजर गवत. १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते पसरले असे मानले जाते, आणि 'काँग्रेस गवत' या नावाने ते गावोगावी ओळखले जाते. त्याच्या परागांनी शिंका आणि दमा होतो, अंगाला लागले की कातडीवर चट्टे उठतात, खाज सुटते. एकेक झाड हजारो बिया टाकते. ते उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते.

आता आपल्या कब्रस्तानांकडे पाहू. बहुतेक ठिकाणी मोठी सफाई होते ती शबे-बरातच्या तोंडावर. भावना उत्तम आहे. पण शबे-बरात चंद्राच्या कॅलेंडरने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि गाजर गवत पावसाच्या कॅलेंडरने चालते. सध्या ही रात्र हिवाळ्याच्या अखेरीस येते. तोपर्यंत पावसाळ्यातले गवत फुलून, बिया सांडून, वाळून उभे असते. मग मोहल्ल्यातली पोरे उघड्या हातांनी ते उपटतात, ढीग पेटवतात, आणि त्यातला भुगा व धूर सगळ्यांच्या छातीत जातो. बिया तर आधीच जमिनीत पोहोचलेल्या असतात. म्हणजे सवाबही घ्यायचा आणि पुढच्या वर्षीचे पीकही पेरून ठेवायचे! हेच गवत पहिल्या पावसानंतर, फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटले तर निम्मी लढाई तिथेच संपते. त्यानंतरही पावसाळाभर महिन्याला एक फेरी हवी, कारण ते पुन्हा उगवते. शबे-बरातची सफाई जरूर करा. पण पावसाळ्यातल्या सफाईची जागा ती घेऊ शकत नाही.

आता इलाजाबद्दल. मधात शिफा आहे, यावर आपला विश्वास आहे. पण त्या विश्वासाच्या नावावर 'रोज एक चमचा मध, ॲलर्जी गायब' असे छातीठोक विकणारे लोक वेगळे. मधमाशी पराग आणते ते मुख्यतः फुलांचे. नाकाला छळतात ते वाऱ्यावरचे पराग. मध खाऊन हा आजार जातो, असा भक्कम पुरावा नाही. वुजूचेही तेच. बागेतून आल्यावर हातपाय, तोंड, नाक धुतल्याने अंगावरचे पराग निघतात, हा फायदा खरा. म्हणून वुजू करणाऱ्याला ॲलर्जी होतच नाही, ही थाप. आणि मिठाच्या पाण्याने नाक आतपर्यंत धुवायचे असेल, तर पाणी उकळून गार केलेलेच हवे, नळाचे नको. दीनच्या नावाने अर्धवट सल्ला देणारा माणूस दीनचीही सेवा करत नाही आणि रोग्याचीही.

दुसऱ्या टोकाला आहे दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी. जुन्या पद्धतीच्या गोळीने शिंका थांबतात, पण झोप येते. ती खाऊन माणूस नारळावर चढतो किंवा गवत कापायचे यंत्र चालवतो. नाक मोकळे करणारे थेंब काही दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट आणखी चोंदते. डॉक्टरने दिलेला नाकातला स्टिरॉइड स्प्रे 'स्टिरॉइड' या नावाला घाबरून लोक बंद करतात आणि कुठल्याशा दवाखान्यात नाव न सांगता टोचलेले इंजेक्शन मुकाट घेतात. स्प्रे रोज, हंगामभर घ्यावा लागतो. एका दिवसात चमत्कार होत नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

'नुसत्या शिंका' म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे उदाहरण लक्षात ठेवावे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे गवताच्या परागांच्या हंगामात वादळ आले आणि एका संध्याकाळी हजारो लोकांना दम लागला. दहा जणांचा जीव गेला. नाक आणि फुप्फुस एकाच रस्त्याची दोन टोके आहेत. शिंकांबरोबर छातीत शिट्टी वाजू लागली, तर डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलू नये.

पुस्तकी सल्ला असा असतो: परागांच्या दिवसांत घराबाहेर पडू नका, खिडक्या बंद ठेवा. ज्याची मजुरी बाहेरच्या कामावर आहे, त्याला हा सल्ला म्हणजे उपाशी राहा असे सांगणे आहे. त्याला दुसरे काही हवे: तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क, साधा चष्मा, हातमोजे, गवत कापण्यासाठी वाऱ्याचा नसलेला दिवस, आणि काम संपल्यावर अंघोळीची व कपडे बदलण्याची जागा. यासाठी फार पैसे लागत नाहीत. जमातीची एक दावत थोडी आटोपशीर केली तरी कब्रस्तानाची वर्षभराची सोय होईल. सोसायटीवाल्यांनी लॉनच्या खर्चातून तेवढेच बाजूला काढावे.

आपल्या माणसांच्या कबरीवरचे गवत काढणाऱ्या हातांचा आपल्यावर हक्क आहे. त्यांच्या पहिल्या शिंकेला दुआ द्या, दुसरीला द्या, तिसरीलाही द्या. चौथीला मास्क द्या, आणि डॉक्टरकडे जायला भरपगारी सुट्टी.