गाण्यातून कोरियन शिकणाऱ्या पोरांना हसू नका!

आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी बीटीएस, ब्लॅकपिंकची गाणी पाठ करतात आणि त्यातून कोरियन शिकू पाहतात. आपल्यातलेच काही कार्यकर्ते यावर नाक मुरडतात. "हे कसले चाळे? गाण्यातून कुठे भाषा येते?"

मित्रांनो, हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये. ज्यांच्या हातात कधी पुस्तक पडलं नाही, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांनी पोहोचवला. चाल असली की शब्द लक्षात राहतो, हे आपल्या आयांना कुणी शिकवावं लागलं नाही.

कोणती भाषा कुणी शिकायची, हे या देशात जातीने ठरवलं. शाळेत संस्कृत घ्यायची इच्छा असूनही बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या बळावर शिकले. आज परकीय भाषेच्या क्लासची फी हीच गावकुसाची भिंत झाली आहे. मोबाईलवरचं गाणं मात्र त्या भिंतीबाहेरही ऐकू येतं.

आणि कोरियाचा इतिहास आपल्याला परका नाही. पूर्वी तिथे चिनी लिपीत लिहीत, त्यामुळे विद्या उमरावांच्या घरात कोंडलेली होती. सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून राजा सेजोंगने १४४३ मध्ये २८ अक्षरांची लिपी तयार केली. १४४४ मध्ये दरबारी पंडितांनी निवेदन देऊन तिला विरोध केला. तरीही १४४६ मध्ये ती जाहीर झाली. तीच हंगुल. तिथेही खाटिकाचं, चामड्याचं काम करणारा बेकजोंग हा बहिष्कृत समाज होता. त्याने १९२३ मध्ये, म्हणजे महाडच्या चार वर्षं आधी, जिंजू शहरात समतेसाठी 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभारली. कोरियन गाणी ऐकणाऱ्या आपल्या किती पोरांना हे माहीत आहे?

म्हणूनच पोरांनाही एक सांगणं आहे: गाण्यावर थांबू नका. कोरियन भाषेत समोरच्याचं वय आणि दर्जा पाहून क्रियापद बदलतं. गाण्यांत बहुतेक वेळा 'बानमल' असते, म्हणजे जवळच्यांशी बोलायची अरे-तुरेची भाषा. ती मुलाखतीत वापरलीत तर उद्धट ठराल. अरे-तुरे कुणाला केलं जातं आणि अहो-जाहो कुणाला, यामागचं राजकारण आपल्या आज्या-आजोबांनी भोगलं आहे. तेव्हा हा फरक आपल्याला लवकर कळायला हवा.

आधी हंगुलची आज वापरात असलेली २४ अक्षरं गिरवा. गाण्याचे शब्द रोमन लिपीत वाचणं सोडा. एकेका ओळीचं व्याकरण सोडवा. मग 'टोपिक' परीक्षेच्या सहा स्तरांपैकी पहिल्याची तयारी करा.

आणि कार्यकर्त्यांनो, हसण्यापेक्षा रविवारी विहारातला एक तास या पोरांना द्या. एक फळा, चार वह्या आणि थोडं अधिक येणारा एक जण पुरेसा आहे. 'शिका' या आदेशात बाबासाहेबांनी कुठल्याही भाषेला कुंपण घातलेलं नाही.

जय भीम!