धार-देवासचे दप्तर आणि छापलेले अक्षर

सीमाभागात देवासचे नाव ठाऊक आहे ते कुमार गंधर्वांमुळे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेला हा गायक माळव्यात जाऊन देवासचा झाला. पण देवास आणि माळव्यातलेच धार यांचा मराठीशी संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. अठराव्या शतकात पवार तेथे स्थिरावले. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. दरबार मराठी, दप्तर मोडी. रयत मात्र माळवी बोलणारी. आमच्याकडे नेमके उलटे आहे. येथे गादी नाही, खेडी मराठी आहेत.

मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या इतिहासात या दोन राजधान्यांचे नाव मात्र येत नाही. १८०५ हे साल पाहा. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरे या मिशनऱ्याने मराठीचे व्याकरण छापले. मजकुराला आधार वैजनाथ पंडितांचा, नागरी खिळे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या हातचे. त्याच साली तमिळ मुलखातील तंजावरात सरफोजीराजांनी नागरी छापखाना उभा केला आणि पुढच्या वर्षी इसापच्या गोष्टी मराठीत छापून काढल्या. आणि मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली गीता छापवून घेतली. ते काम पुण्यात नाना फडणविसांच्या उत्तेजनाने सुरू झाले होते. नाना वारले, तेव्हा कारागिराला मिरजेने आसरा दिला. मिरज आमच्या गावांपासून किती दूर, हे वाचकांना सांगायला नको. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले ते १८३२ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. मराठी अक्षर पहिल्यांदा कागदावर उठले ते असे कडेकडेने! आम्हाला काठावरचे म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्या काळात धार आणि देवास शिंदे-होळकरांच्या फौजांनी व पेंढाऱ्यांनी नागवली जात होती. तेथे छापखाना कोण काढणार? कागद रुमालात बांधलेले राहिले. त्यांना वाचक मिळाला शंभर वर्षांनी. धार संस्थानच्या शिक्षण खात्यातील काशिनाथ कृष्ण लेले हे आमच्याच पेशाचे गृहस्थ. १९०३ साली धारमध्ये 'पारिजातमंजरी' या संस्कृत नाटकाची शिळा उजेडात आली ती त्यांच्या खटपटीने. हुल्ट्श या जर्मन पंडिताने ती वाचून प्रसिद्ध केली. नाटक चार अंकांचे, शिळेवर दोनच. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर होते, ती सापडलेली नाही. जे मिळाले ते छापले गेले म्हणून आज जगभर वाचता येते. पुढे लेल्यांनी ओकांच्या साहाय्याने पवारांचा इतिहासही मराठीत छापला.

हे आज सांगण्याचे कारण आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. १९५६ पूर्वी गावाचा व्यवहार कोणत्या भाषेत चाले, हा वाद निघाला की दाखवायचे काय? इनामाची सनद, देवस्थानचा हिशेब, खरेदीखत, वतनाचा महजर. हे कागद आमच्या गावांत आहेत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, आणि बहुतेक मोडीत आहेत. छपाईने बाळबोध उचलली आणि मोडी मागे पडली. शाळांतून ती गेल्याला दोन पिढ्या उलटल्या. घरातली सून पेटी उघडते, अक्षर लागत नाही, आणि कागद बंबात जातो. एकच प्रत असलेला कागद जळला की त्या घरापुरती साक्ष संपते.

सभा-मोर्चे चालू राहतीलच. पण गावोगावच्या समित्यांनी या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम अंगावर घ्यावे. घरोघर जाऊन पेट्या उघडायला लावाव्यात, कागद मालकाकडेच ठेवून त्याची स्वच्छ छायाप्रत घ्यावी, आणि कागद कोणाचा, कोणत्या गावचा, हे प्रतीच्या पाठीवर लिहावे. हायस्कूलच्या मुलांना मोडीची बाराखडी शिकवायला पंधरा दिवस पुरतात. सरावाला अर्थात वर्ष लागते. वाचलेले कागद बाळबोधीत उतरवून गावाच्या नावाने पुस्तिका छापावी. शंभर प्रती पुरेत. त्यांतली एक शाळेत, एक वाचनालयात आणि एक आमच्या वकिलांकडे गेली पाहिजे.