मलंगगडाच्या माथ्यावर विवर शोधू नका

मलंगगडाचा उभा कडा आणि त्यावरचे सुळके पाहून ‘हा विझलेला ज्वालामुखीच असणार’ असं सांगणारे आंबिवलीपासून बदलापूरपर्यंत जागोजाग भेटतात. समजूत अगदीच बिनबुडाची नाही, कारण या टापूतला जवळजवळ सगळा काळा कातळ लाव्हारसाचाच आहे. पण ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या डोक्यावर तोंड, हे शाळेच्या पुस्तकातलं चित्र इथे लावलं की शोध चुकीच्या जागी सुरू होतो. आपल्याकडचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. त्या भेगांच्या खुणा गडाच्या माथ्यावर नाहीत. त्या खाणीत, रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत आणि नदीच्या उघड्या पात्रात आहेत. आणि नेमक्या त्याच आपण कुणी पाहण्याआधी फोडून टाकतो आहोत.

पुरावा डोंगरांच्याच अंगावर आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचत गेले. आज झिजून उरलेला भागही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. माथेरानच्या कड्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात, आणि दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरातही तेच पुढे चालू राहतात. शंकूच्या ज्वालामुखीत थर तोंडापासून चहूबाजूंना उतरायला हवेत. इथे तसं नाही. कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात ते कलतात खरे, पण सगळे मिळून एकाच दिशेला, पश्चिमेकडे समुद्राच्या बाजूला. भूवैज्ञानिक याला पनवेलची वळी म्हणतात. म्हणजे मलंगगड साचून उंच झालेला नाही, भोवतालचा खडक पाण्यापावसाने झिजून गेला आणि तो मागे उरला. डोंगराशिवाय लाव्हा येईल कसा, ही शंका रास्त आहे. आइसलँडमध्ये 1783 साली लाकी इथे सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. दख्खनचा पसारा त्याच्या कितीतरी पट मोठा होता.

लाव्हा वर येता येता भेगेतच थिजला की खडकात उभी भिंत तयार होते. तिला डाईक म्हणतात. ठाणे, मुरबाड, शहापूर या भागांत अशा भिंती पुष्कळ आहेत, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जे. बी. ऑडन यांनी 1949 मध्येच पश्चिम भारतातल्या डाईकांवर सविस्तर लिहून ठेवलं आहे. खाणीच्या ताज्या कापात डाईक ओळखायला उपकरण लागत नाही. कडेला, जिथे तापलेला रस थंड खडकाला चिकटून झटकन गोठला, तिथे दगड इतका बारीक की कण दिसत नाहीत. मध्यभागी तोच भरड होत जातो. थिजताना आकसून पडलेले खांब नेहमी थंड पृष्ठभागाशी काटकोनात असतात, म्हणून आडव्या थरात ते उभे, तर डाईकमध्ये रचून ठेवलेल्या सरपणासारखे आडवे. प्रत्येक डाईकने वर लाव्हा पोचवलाच, असं मात्र नाही. काही सगळ्या थरांना छेदून गेले आहेत, म्हणजे ते नंतरचे. कोणता कोणत्या थराचा, हे जुळवण्यासाठीच ते जागेवर राहायला हवेत.

तरीही इथे ज्वालामुखीच आहे म्हणून लोक वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या उन्हाळ्यांकडे बोट दाखवतात: खाली आग नाही, तर पाणी कढत कसं? पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खोलवरच्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि वर येतं. त्याला वितळलेला रस लागत नाही. इतक्या कोटी वर्षांपूर्वीचा रस कधीच थंड झाला. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते तो पुरवणारी भट्टी आज रियुनियन बेटाखाली आहे, इथून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर दूर. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कान्हेरीची लेणी ज्या खडकात कोरली आहेत तो राख आणि दगडांच्या तुकड्यांचा बनलेला, म्हणजे मुंबईच्या बाजूला स्फोट झाले होते. हे मान्यच केलं पाहिजे. पण त्यांचा पुरावाही राखेच्या थरात मिळतो, डोंगराच्या आकारात नाही.

मग खाणी बंद करायच्या का? नाही. खडीशिवाय ना घर उभं राहतं, ना रूळ टिकतो, आणि खाण नसती तर यातल्या कित्येक भिंती दिसल्याच नसत्या. अडचण शेवटच्या सुरुंगाची आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, तिचे 61 मीटर उंच खांब, आज वारसा म्हणून मिरवते. पण आजूबाजूचा खडक खणून गेल्यावर आणि इमारती पायथ्याला भिडल्यावर. शीळफाट्याच्या डोंगरांचं तसं होऊ नये. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा मांडला होता. पण त्यावर विसंबून थांबायची गरज नाही. खाणीचा परवाना देतानाच एक अट घालावी: मुदत संपताना भूवैज्ञानिकाकडून पाहणी व्हावी, आणि डाईक किंवा दोन थरांमधला लाल भाजलेल्या मातीचा पट्टा निघाला तर तेवढा कडा न फोडता, कुंपण घालून ठेवावा. खाणमालकाचं यात नुकसान होईल ते काही ब्रास खडीचं, आणि ते स्वामित्वधनातून वळतं करून देता येईल.